गालातली पत्ती

सनईवाल्याला हरवायचं असेल तर त्याच्याशी भांडू नये, त्याच्यासमोर चिंच धरावी. ही युक्ती माणदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. वरात दाराशी आली की नवरीकडच्या पोरी पदराआडून चिंचेचं बुटूक काढतात, वाजवणाऱ्याच्या नाकासमोर धरतात आणि मचमच करीत चाटतात. बिचाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. फुंकावं तर लाळ सनईत उतरते, गिळावं तर दम तुटतो. सनई गुरगुरते, घसरते आणि मांडवात हशा पिकतो.

धावटवाडीच्या तायाप्पा गेजगेला मात्र चाळीस वर्षांत कुणी असं हरवलं नव्हतं. तो डोळे मिटून वाजवायचा. म्हणायचा, "चिंच डोळ्यातनं तोंडात जाती. दार लावून घेतलं की झालं."

त्याच्या शेजारी त्याचा धाकटा भाऊ बिरू बसायचा. बिरूच्या हातातही सनईसारखंच वाद्य असे, पण त्यातून एकच स्वर निघायचा. त्याला सूर म्हणतात. थोरल्यानं चाल वाजवायची आणि धाकट्यानं खाली तो एक सूर धरून ठेवायचा, श्वास न तोडता, गाल फुगवून, तासन् तास. गेजग्यांच्या घरात आबांच्या, म्हणजे या दोघांच्या बापाच्या, आधीपासून हा रिवाजच होता. थोरला आपल्या हातानं सनई देत नाही तोवर धाकट्यानं त्याला ऐकू जाईल अशी चाल वाजवायची नाही. बिरूचं वय छप्पन्न झालं होतं. तो लांब ओढ्यात जाऊन एकटाच सनई वाजवतो, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तायाप्पालाही होतं. पण ते त्याला ठाऊक नाही असंच सगळे धरून चालत.

तायाप्पाची कंबर दुखायला लागली ती एकसष्टाव्या वर्षी. लघवीच्या पिशवीखालच्या गाठीत कॅन्सर निघाला आणि तो कळेपर्यंत मणक्यात, खुब्यात, बरगड्यांत पोचला होता. जुनी औषधं दोन वर्षं पुरली, मग ती लागू पडेनाशी झाली. तेव्हा गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्याला मिरजेला धाडलं. लाल बस तोवर विजेवर चालायला लागून दहा वर्षं झाली होती. आवाज न करणाऱ्या त्या गाडीत बसून तायाप्पा, त्याची बायको तानुबाई आणि बिरू असे तिघं मिरजेला पोचले, आणि तिथं त्यांना निलोफर मुजावर भेटली.

ही बाई डॉक्टर होती, पण नाडी बघणारी नव्हे. औषध शरीरात कुठं जातं, किती जातं आणि किती वेळ मुक्काम करतं, एवढंच ती मोजायची. चाळिशीची, चष्मेवाली, बोलताना हातवारे फार.

"काका, तुमच्याकडं टेंभूच्या कालव्याचं पाणी आलंय ना?" तिनं विचारलं.

"आलंय की. दोन पाळ्या मिळत्यात."

"मग तुम्हाला लगेच समजेल. तुमचं काळीज म्हणजे पंप. रक्त म्हणजे पाटाचं पाणी. यकृत, मूत्रपिंड, हाडं, कातडी हे सगळे वाफे. पाण्यातून खत सोडलं तर कुठल्या वाफ्याला किती मिळेल?"

तायाप्पा पुढं सरकला. "वाफ्यात पाणी घेणारं दारं किती मोठं हाय त्यावर. आणि माती कशी हाय त्यावर. काळी असली तर धरून ठेवंल, मुरमाड असली तर सोडून दील."

"बस्स. हेच मी गणितात लिहिते. प्रत्येक वाफ्याचं दारं केवढं, माती किती धरते, निचरा किती. त्यात तुमचं वजन घालते, तुमच्या रक्ताची तपासणी, तुमच्या आतले फोटो. मग संगणकात तुमचाच एक दुसरा देह तयार होतो. त्याला आम्ही छायादेह म्हणतो. औषध आधी त्याला द्यायचं. काय होतं ते बघायचं. मग तुम्हाला."

"मग त्यालाच बरं करा की," तायाप्पा म्हणाला. "मला कशाला टोचता?"

बिरू हसला. तानुबाईनं दोघांकडं डोळे वटारले.

औषध असं होतं. त्याच्या एका टोकाला किल्ली होती आणि दुसऱ्या टोकाला किरण सोडणारा अणू. कॅन्सरच्या पेशींवर एक कुलूप असतं, त्यात किल्ली बरोबर बसायची आणि अणू तिथंच राहून आसपासच्या चार-दोन पेशी जाळायचा. हाडातलं दुखणं हाडातच जळणार, बाकीच्या अंगाला फारशी झळ नाही. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. लाळेच्या गाठीही हे औषध ओढून घेतात. कानाखाली दोन, जबड्याखाली दोन, जिभेखाली दोन, अशा सहा मोठ्या गाठी. कॅन्सर जळतो, पण त्याच्याबरोबर त्याही जळतात. तोंड कोरडं पडतं आणि पुन्हा ओलं होत नाही.

"पूर्वी आम्ही अंदाजानं सांगायचो," निलोफर म्हणाली. "बऱ्याच जणांचं तोंड सुकतं, एवढंच. आता तुमचं तुम्हाला सांगता येतं. कुठल्या डोसानंतर किती लाळ उरेल, ते थेंबापर्यंत."

"मला थेंब नगं," तायाप्पा म्हणाला. "सनई वाजंल का न्हाय, येवढं सांगा."

हा प्रश्न छायादेहाला आजवर कुणी विचारला नव्हता. सनईच्या तोंडाशी नखाएवढी चपटी पत्ती असते, ताडाच्या पानाची. ती ओली असेल तरच बोलते. पत्ती पाण्यातही भिजवता येते, पण वाजवताना तोंडच कोरडं पडलं तर ओठ पत्तीला चिकटतो आणि स्वर फाटतो. निलोफरनं तायाप्पाला तिथंच वाजवायला बसवलं आणि जिभेखाली एक कागदी पट्टी ठेवून मोजलं. वाजवताना मिनिटाला निदान अर्धा मिलिलिटर लाळ लागते असं निघालं. तिनं पडद्यावर तेवढ्या उंचीवर एक आडवी रेघ मारली आणि तिला नाव दिलं, सनईची रेघ.

एकूण चार डोस, दर आठ आठवड्यांनी एक. छायादेहानं सांगितलं, तिसऱ्यापर्यंत लाळ रेघेच्या वर राहील. चौथ्यानंतर खाली जाईल.

"तीन तर घेऊ," तायाप्पा म्हणाला. "चौथ्याचं चौथ्याला बघू."

पहिल्या डोसाच्या दिवशी त्याला शिशाची काच असलेल्या खोलीत ठेवलं. निलोफरनं काचेबाहेरून ध्वनिक्षेपकावर बजावलं, "काका, पहिले सहा तास महत्त्वाचे. तेवढ्यात औषध वाफ्यावाफ्यांत जातं. लाळेची गाठ कामाला लागली की तिचं दारं सताड उघडतं, रक्त कितीतरी जास्त येतं आणि औषधही. म्हणून गाठी झोपलेल्या हव्यात. काही खायचं नाही, चघळायचं नाही. सुपारी, तंबाखू, लवंग, गोळी, काही नाही."

"मला कसलं येसन न्हाय बाई."

"आणि दर अर्ध्या तासानं या नळीत थुंकायचं."

तायाप्पानं सगळं नेमानं केलं. फक्त बाईमाणसासमोर थुंकायचं कसं, म्हणून तो दर वेळी भिंतीकडं तोंड करायचा. दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना किरण मोजणारं यंत्र त्याच्या अंगावरून फिरवलं. ते सगळीकडं टिकटिकलं, छातीच्या खिशापाशी जरा जास्तच. पण औषध अंगातच आहे म्हटल्यावर यंत्र टिकटिकणारच, असं म्हणून त्याला घरी सोडलं.

तीन आठवड्यांनी तिघं पुन्हा मिरजेला आले, तेव्हा निलोफरचा चेहरा उतरलेला होता.

"हाडांतले डाग कमी झालेत," ती म्हणाली. "औषध चांगलं लागू पडलंय. पण फोटोत दिसतंय, लाळेच्या गाठींनी सांगितलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट औषध ओढलंय. छायादेह चुकला. मी आठवडाभर त्यातली दारं-माती बदलून बघितली. आता आकडे जुळतात, पण..."

तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. लाळेची वाकडी रेघ उतरत येत होती आणि दुसऱ्या डोसापाशीच ती सनईच्या रेघेखाली गेली होती.

"दुसऱ्यानंतर सनई नाही, काका."

तायाप्पानं पडद्याकडं बघितलं. मग उठून टोपी घातली. "मग दुसरा नगं."

"बसा खाली," तानुबाई म्हणाली.

"बसून काय करू?"

"बाई, दुसरा घेतला न्हाय तर काय हुईल, ते सांगा यास्नी."

निलोफरनं सांगितलं. एका डोसानं डाग दबतात, मरत नाहीत. वर्ष, फार तर सव्वा वर्ष.

"ऐकलं?" तानुबाई नवऱ्याकडं वळली. "म्या सनईसंगं लगीन केलं नव्हतं. तुमच्यासंगं केलं हुतं. सनई खुटीला टांगून बी माणूस भाकर खातो."

"कोरड्या तोंडानं खातो?"

"कालवणात कुस्करून घालीन! वरनं तांब्याभर पाणी दीन!"

"आगं, पण मी कोण गं, सनईबिगर? नाथाच्या देवळात पहाटं कोण उठवणार देवाला? गेजगे म्हंजी सनई. सनई गेली की ऱ्हायलं काय, निस्तं हाडूक. ते बी किडकं."

तानुबाई बिरूवर घसरली. "तू तर बोल की रं! जल्मभर एकच सूर धरून बसलाय!"

बिरू खाली मान घालून म्हणाला, "म्या काय बोलू वैनी? दादानं सनई ठिवली तर म्या बी सूर ठिवीन."

"घ्या! एकाच्या जागी दोन मुके!" तानुबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि रागात निलोफरला म्हणाली, "आणि बाई, तुमी म्हणता यांची लाळ सुकणार. आवं, या माणसाला लाळंची काय कमी? चिंचंचं नाव काढलं तर तोंडाला पाणी सुटतंय. लग्नात पोरी चिंच घेऊन येत्यात म्हणून डोळं मिटून वाजवत्यात हे. झोपंत मनात सनई चालू असली तरी उशी भिजती यांची!"

बिरूला एवढ्यातही हसू आलं. निलोफरलाही आलं. पण तिचं हसू अर्ध्यातच थांबलं.

तिनं पहिल्या डोसाच्या नळ्यांचे आकडे काढले. झोपलेल्या तोंडातून अर्ध्या तासानं चमचाभर लाळ मिळायची, तिथं तायाप्पाच्या सगळ्या नळ्या काठोकाठ भरल्या होत्या. तेव्हा तिला वाटलं होतं, बिचारा सांगितलेलं मन लावून करतोय.

"काका, त्या सहा तासांत तुम्ही काय करत होता?"

"काय करणार? बसलू हुतो."

"तोंडात काही होतं?"

"काय न्हाय. तुमी नगं म्हणला हुता."

"काहीच नाही?"

"खरंच काय न्हाय बाई. निस्ती पत्ती."

निलोफरनं मान वर केली.

"कसली पत्ती?"

"सनईची. अशी गालात." तायाप्पानं छातीच्या खिशातून पुरचुंडी काढली आणि सोडली. "वाजवायच्या आदी दोन-तीन तास गालात धराय लागती, तवा मऊ हुती. आमी कायम धरतो. भ्या वाटलं तर बी धरतो. त्या खोलीत लई भ्या वाटलं बगा."

"काका, मी सांगितलं होतं, तोंडात काही ठेवू नका!"

"तुमी सुपारी म्हणला, तंबाकू म्हणला, लवंग म्हणला." तायाप्पाला खरोखरच काही समजेना. "पत्ती काय खायाची चीज हाय? आता माझी जीभ हाय तोंडात, ती काय मी काडून ठिवू?"

निलोफरनं कपाटातून यंत्र आणलं आणि पत्तीवर धरलं. तीन आठवडे उलटून गेले होते, तरी ते टिकटिकलं. सहा तास त्याच्या गालात लाळेत भिजत राहिलेली पत्ती औषध पिऊन बसली होती.

ती खुर्चीत बसली आणि चष्मा काढून डोळे चोळले. "चूक तुमची नाही. माझी आहे. आकडा जुळेना तेव्हा मी संगणकात तुमचं शरीर बदलून टाकलं. दारं मोठी केली, माती बदलली. पण तुमच्या गालात काय आहे, ते विचारलं नाही." मग ती एकदम ताठ बसली. "म्हणजे पहिला छायादेह बरोबर होता! त्याच्या गाठी झोपलेल्या होत्या, तुमच्या राबत होत्या. एकदा झालं ते नुकसान झालंच. पण इथून पुढं तोंड खरोखर झोपवलं, औषध आत येताना गालांवर बर्फ ठेवला, तर तिसऱ्यापर्यंत सनई वाचेल."

पत्ती मात्र तिनं शिशाच्या डबीत बंद करून ठेवून घेतली. तायाप्पा दारातून दोनदा मागं वळून त्या डबीकडं बघत गेला.

पण तोंड झोपवणं सोपं नव्हतं. निलोफरनं घरी पट्ट्या दिल्या होत्या. जिभेखाली ठेवली की किती लाळ सुटते त्याचा आकडा फोनवर दिसायचा. तीनच्या खाली म्हणजे झोपलेलं तोंड. तायाप्पा रिकाम्या तोंडानं ओसरीवर बसला तरी आकडा नऊ, दहा.

"काका, आत्ता काय चाललंय मनात?" निलोफर फोनवर विचारायची.

"काय न्हाय."

"खोटं सांगत्यात!" मागून तानुबाई ओरडायची. "बोटं बगा मांडीवर कशी नाचत्यात!"

गाणी लावून बघितली, सिनेमे लावून बघितले, शेजारच्या म्हातारीला गप्पा मारायला आणून बसवलं. काही झालं तरी पाच-दहा मिनिटांत तायाप्पाच्या मनात सनई सुरू व्हायची आणि आकडा चढायचा. दुसरा डोस नऊ दिवसांवर आला.

त्या पहाटे दोघं भाऊ नेहमीसारखे नाथाच्या देवळात गेले. तायाप्पानं जिभेखाली पट्टी ठेवली होती, ती काढायचं राहून गेलं होतं. बिरूनं सूर धरला. तायाप्पानं अजून सनई ओठाला लावली नव्हती, तरी पायाशी ठेवलेल्या फोनवर आकडा सरसर चढत गेला. सात, अकरा, पंधरा.

तायाप्पा त्या आकड्याकडं बघत राहिला. बिरूचा सूर थांबेना, कारण दादानं थांब म्हटलं नव्हतं.

"बिरू, थांब."

सूर थांबला.

"तुझा सूर ऐकला की माझं तोंड कामाला लागतंय. चाळीस वरसं तसंच शिकलंय ते." तो गाभाऱ्याकडं बघत बोलत होता. "मी कवा निस्ता बसून सनई ऐकलीच न्हाय रं. आबा गेल्यापासनं न्हाय. ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटत नसंल, न्हवं?"

बिरूनं सूर मांडीवर ठेवला.

तायाप्पानं सनई दोन्ही हातांवर आडवी धरली. "घे."

"दादा, नगं."

"घे म्हणतो न्हवं."

"तू हायस तवर न्हाय."

"आरं, मी ऱ्हावं म्हणूनच घे, येड्या." आणि मग जरा थांबून तो म्हणाला, "वड्यात वाजवतोस ते काय मला ठावं न्हाय व्हय?"

बिरूच्या कानशिलांवर लाली चढली. त्यानं सनई घेतली, कपाळाला लावली. पत्ती ओली केली, आणि भूपाळी सुरू केली. खाली सूर धरायला कुणी नव्हतं. एकटी सनई देवळात घुमायला लागली.

आकडा आधी उतरलाच नाही. बिरू जिथं स्वर जरा लांबवी, तिथं तायाप्पा मनात तो आखडून घ्यायचा. बिरूनं दुसऱ्या ओळीच्या शेवटी स्वर सरळ न सोडता आत वळवला, गिरकी देऊन पुन्हा वर आणला, तेव्हा तर तायाप्पाचे दात एकमेकांवर आवळले. चुकला, साफ चुकला! आकडा अठरावर गेला.

बिरूनं ती ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तीच गिरकी.

आणि तायाप्पाच्या लक्षात आलं की ही चूक नव्हे. आबांची गिरकी होती ही. म्हातारा अशीच वळवायचा. तायाप्पाला कधी ती नीट साधली नाही, दम तुटायचा, म्हणून त्यानं पहिल्याच वर्षी ती सोडून दिली होती आणि पुढं पुढं विसरूनही गेला होता. बिरू विसरला नव्हता. जो जन्मभर एक सूर धरून बसतो, त्याला दुसरं काम नसतं. तो ऐकतो.

तायाप्पानं पाठ खांबाला टेकली. मांडीवरची बोटं थांबली. पुढची ओळ कशी येईल हे त्याला आता माहीत नव्हतं, म्हणून तो वाट बघत राहिला.

भूपाळी संपली तेव्हा बाहेर चांगलं उजाडलं होतं. बिरूनं सनई खाली ठेवली आणि भीतभीत विचारलं, "कसं झालं?"

तायाप्पानं फोन उचलून त्याच्यापुढं धरला. आकडा होता दोन.

दुसऱ्या डोसाच्या दिवशी काचेच्या अलीकडं बिरू सनई घेऊन बसला. शेजारच्या खोलीतल्या एका पेशंटनं तक्रार केली, दुसऱ्यानं फर्माईश धाडली. मधे मधे दम खात बिरू सहा तास वाजवत राहिला आणि आत तायाप्पा गालांवर बर्फाच्या पिशव्या धरून, तोंड मिटून ऐकत राहिला. या खेपेला फोटोतल्या गाठी फिकट दिसल्या. निलोफरनं ते आकडे छायादेहात घातले आणि पहिल्यांदाच काही बदलावं लागलं नाही. तिसरा डोसही तसाच पार पडला. लाळ रेघेच्या वर राहिली, बोटभर का होईना.

मग चौथा आला.

"खरं सांगते," निलोफर म्हणाली. "हा घेतला की लाळ दहाव्या हिश्श्यावर येईल. किती बर्फ लावला, किती ऐकलं, तरी तेवढंच. सनईची रेघ वर राहील."

"आणि न्हाय घेतला तर?"

"दीड वर्ष."

"घेतला तर?"

"छायादेह पाच-सहा म्हणतो. लाळेचं मी थेंबापर्यंत सांगते, आयुष्याचं तसं सांगता येत नाही, काका."

 तानुबाईनं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली होती.

तायाप्पानं आठ दिवस मागून घेतले. रोज पहाटे त्यानं सनई वाजवली. बिरू पुन्हा सूर धरून बसला, जसा चाळीस वर्षं बसत आला होता. आठही दिवस तायाप्पानं दुसऱ्या ओळीच्या शेवटी आबांची गिरकी घेऊन बघितली. सात दिवस दम तुटला. आठव्या दिवशी निम्मी आली. तो स्वतःशीच हसला, तोंडातली पत्ती काढली, पुसली आणि सनईसकट बिरूच्या मांडीवर ठेवली.

"आता ही तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ती गिरकी निम्मीच ऐकून जायाची माझी तयारी न्हाय. अजून चार-पाच वरसं पुरती ऐकणार हाय मी."

पुढच्या उन्हाळ्यात गावात माळ्यांच्या घरी लग्न होतं. बिरू सनईवर आणि सुराला बिरूची लेक शेवंता. बाईमाणसानं सूर धरलेला गावानं पहिल्यांदाच बघितला आणि दोन दिवस त्यावर बोलून घेतलं. तायाप्पा पुढं खुर्चीत बसला होता. हातात पाण्याची बाटली, दर दोन मिनिटांनी एक घोट. हाडं दुखत नव्हती. भाकरी कालवणात कुस्करूनच खावी लागायची आणि तानुबाई तिच्या शब्दाप्रमाणं वरून तांब्याभर पाणी द्यायची, टोमण्यासकट.

वरात दाराशी आली तशा नवरीकडच्या पोरी आल्याच. चिंच आली, मचमच सुरू झालं. बिरूनं डोळे मिटले. सनई जरा डगमगली, सावरली, पुढं गेली. पोरी हिरमुसल्या. त्यातली एक, आगाऊ, खुर्चीकडं वळली आणि तिनं चिंचेचं बुटूक तायाप्पाच्या नाकासमोर नाचवलं.

"घ्या आजोबा, तुमाला बी!"

"अगं ए, त्यांचं तोंड..." तानुबाई पुढं झाली. तायाप्पानं हातानं तिला थांबवलं.

सनई चालू असताना त्यानं आयुष्यात कधी चिंचेकडं डोळे उघडून बघितलं नव्हतं. आता त्यानं नीट बघितलं. तपकिरी, चिकट, मीठ लावलेली, कडेनं एक शीर लोंबणारी. बिरू दुसऱ्या ओळीच्या शेवटाला येत होता. तायाप्पा बघत राहिला. पोरगी कंटाळून हात मागं घेणार, तेवढ्यात त्यानं तिचं मनगट धरलं.

"थांब जरा. घाई करू नगं."

गिरकी आली. आत वळली, वर उठली. आणि जिभेखाली, डाव्या बाजूला, काहीतरी हललं. अगदी बारीक. एक थेंब, फार तर दीड.

"दहावा हिस्सा," तायाप्पा तानुबाईला म्हणाला. "मुजावर बाईचं गणित पक्कं हाय बग."

त्यानं पोरीच्या हातातली चिंच घेतली आणि गालात धरली.